इलेक्ट्रोकॉक्लिओग्राफी : नवोदित ऑडिओलॉजिस्टसाठी पायरीपायरीने मार्गदर्शन

कानात आवाज शिरल्यानंतर पहिल्या दोन-तीन मिलिसेकंदांत कॉक्लियामध्ये (अंतःकर्णातील शंखाकृती अवयवात) आणि श्रवण मज्जातंतूच्या आरंभीच्या भागात जे विद्युत् बदल होतात, त्यांची नोंद घेण्याच्या तपासणीला इलेक्ट्रोकॉक्लिओग्राफी, थोडक्यात ईकॉग, म्हणतात. ज्यांनी बेरा (श्रवण मज्जातंतू आणि मेंदूचे खोड आवाजाला देतात त्या विद्युत् प्रतिसादाची) तपासणी स्वतंत्रपणे करायला सुरुवात केली आहे, पण ईकॉगचा इलेक्ट्रोड अजून हातात घेतलेला नाही, अशा ऑडिओलॉजीच्या विद्यार्थ्यांसाठी आणि नव्याने रुजू झालेल्या ऑडिओलॉजिस्टसाठी हा लेख आहे. यंत्र बहुधा बेराचेच असते, त्यामुळे ईकॉग म्हणजे बेराचाच एक छोटा तुकडा आहे असा समज होतो आणि बेराच्या सवयी तशाच पुढे चालू राहतात. निरुपयोगी ठरणाऱ्या अनेक नोंदींचे मूळ या सवयींत असते. ईकॉगचा दर्जा आवाज सुरू होण्यापूर्वीच, म्हणजे इलेक्ट्रोड कोठे व कसा टेकला आहे आणि फिल्टर कसे लावले आहेत यावर, जवळजवळ ठरून जातो. म्हणून पूर्वतयारीला येथे जाणूनबुजून जास्त जागा दिली आहे.

नेमके काय मोजायचे आहे

१९३० साली अमेरिकेतील प्रिन्स्टन विद्यापीठात अर्नेस्ट वेव्हर आणि चार्ल्स ब्रे यांनी मांजराच्या श्रवण मज्जातंतूवर इलेक्ट्रोड ठेवला आणि मिळणारा संकेत वर्धकातून दूरच्या खोलीतील रिसीव्हरपर्यंत नेला. मांजराच्या कानाशी बोललेले शब्द त्या खोलीत ओळखू येतील इतके स्पष्ट ऐकू आले. हा संकेत मज्जातंतूचा आहे असा त्यांचा निष्कर्ष होता. पुढील संशोधनातून मात्र असे दिसून आले की त्याचा मोठा भाग कॉक्लियातील केशपेशींमधून येत होता आणि मायक्रोफोनप्रमाणे आवाजाच्या लहरीची हुबेहूब नक्कल करत होता. त्यावरूनच कॉक्लिअर मायक्रोफोनिक हे नाव रूढ झाले. यंत्राच्या पडद्यावर दिसणारी लहर कोणत्या स्रोतातून आली आहे, हा त्या प्रयोगातला प्रश्न आजही प्रत्येक तपासणीत उभा राहतो, आणि त्याचे उत्तर देता येणे हेच या तपासणीतले खरे कौशल्य आहे.

ईकॉगमध्ये तीन संकेत ओळखायचे असतात. पहिला कॉक्लिअर मायक्रोफोनिक, म्हणजे सीएम. तो मुख्यत्वे बाह्य केशपेशींमधून येतो, आवाजाच्या लहरीबरोबर वरखाली होतो आणि आवाजाची ध्रुवता (लहर हवेच्या दाबाने सुरू होते की विरलतेने) उलटली की स्वतःही उलटतो. दुसरा समेटिंग पोटेन्शियल, म्हणजे एसपी. आवाज चालू असेपर्यंत आधाररेषा एका बाजूला सरकून राहते, ते सरकणे म्हणजे एसपी. आंतर आणि बाह्य अशा दोन्ही केशपेशींचा त्यात वाटा असतो. तिसरा ॲक्शन पोटेन्शियल, म्हणजे एपी. श्रवण मज्जातंतूचे हजारो तंतू आवाजाच्या आरंभी एकाच वेळी उद्दीपित झाल्यामुळे तो निर्माण होतो. त्याच्या पहिल्या शिखराला एन-१ म्हणतात आणि बेरामधली पहिली लहर ती हीच. मोठ्या आवाजाच्या क्लिकला (अतिशय छोट्या 'टिक्' आवाजाला) एपी साधारण दीड मिलिसेकंदाने येतो, आणि आवाज कमी करत गेले की त्याला उशीर होत जातो.

या सर्वांमागची ऊर्जा कॉक्लियातच साठवलेली असते. कॉक्लियाच्या मधल्या वाहिनीतील एंडोलिम्फ या पोटॅशियमयुक्त द्रवाचा विद्युत्दाब सुमारे +८० मिलिव्होल्ट असतो, तर केशपेशींच्या आतला दाब ऋण असतो. केशपेशींवरील सूक्ष्म केस वाकले की मार्ग उघडतात आणि पोटॅशियमचे आयन आत शिरतात. एंडोलिम्फचे प्रमाण वाढून ती वाहिनी फुगली, तर केशपेशींना आधार देणारे बेसिलर पटल आपल्या नेहमीच्या जागेपासून ढळते, त्याच्या वरखाली होण्यातली असमानता वाढते आणि एसपी मोठा होतो. मेनिएरच्या आजारात, म्हणजे एंडोलिम्फ असे वाढून चक्कर येते त्या आजारात, ईकॉगकडे वळण्याचे कारण हेच आहे.

रुग्णाची निवड आणि कानाची पाहणी

ईकॉग सर्वांसाठी नसते. अधूनमधून येणारी गरगरणारी चक्कर, कानाला दडे बसल्यासारखे वाटणे, कानात आवाज येणे आणि कमी-जास्त होणारी ऐकण्याची तक्रार अशी लक्षणे घेऊन आलेला रुग्ण हा तिचा नेहमीचा रुग्ण होय. तपासणीच्या दिवशी ही लक्षणे चालू आहेत की ओसरलेली आहेत, हे विचारून लिहून ठेवावे, कारण लक्षणे नसलेल्या काळात घेतलेली नोंद सामान्य येण्याची शक्यता बरीच जास्त असते. शक्य असेल तर कानाला दडे बसलेले असतानाच यायला सांगावे.

ईकॉगपूर्वी प्युअर टोन ऑडिओमेट्री आणि टिम्पॅनोमेट्री झालेली असलीच पाहिजे. मध्यकर्णात पाणी असेल तर आवाज कॉक्लियापर्यंत कमी पोहोचतो आणि सगळेच संकेत लहान होतात. १००० ते ४००० हर्ट्झच्या पट्ट्यात ऐकणे ५० ते ६० डेसिबलपेक्षा जास्त कमी झालेले असेल, तर एपी इतका लहान होतो की त्यावर आधारलेल्या गुणोत्तराला (एसपी भागिले एपी) फारसा अर्थ उरत नाही. अशा रुग्णाला तासभर झोपवून ठेवण्यापेक्षा पाठवणाऱ्या कान-नाक-घसा तज्ज्ञांशी आधी बोलून घेणे योग्य ठरते.

यानंतर ओटोस्कोपने कान नीट पाहावा. कानाच्या पडद्याला छिद्र, कानातून स्राव, ग्रोमेट (पडद्यात बसवलेली बारीक नळी) किंवा नुकतीच झालेली शस्त्रक्रिया यांपैकी काहीही असेल तर पडद्यावर इलेक्ट्रोड टेकवू नये. मळ असेल तर तो काढून घ्यावा. आपल्याकडे पावसाळ्यात कानात बुरशी झालेले रुग्ण बरेच येतात; त्यांचा उपचार आधी व्हायला हवा. कानात तेल घालण्याची सवय महाराष्ट्रात घरोघरी आहे, आणि तेलाचा पातळ थर ओटोस्कोपमधून चटकन ध्यानातही येत नाही, पण त्या थरामुळे इलेक्ट्रोडचा संपर्क बिघडतो. म्हणून निदान दोन-तीन दिवस कानात तेल किंवा थेंब घालू नयेत, असे भेटीची वेळ देतानाच सांगावे. कान स्वच्छ करण्यासाठी सलाइन वापरायचे झाल्यास ते शरीराच्या तापमानाचेच असले पाहिजे. थंड द्रव कानात गेला तर कॅलरिक तपासणीत मुद्दाम आणली जाते तशी चक्कर येते, आणि मुळात चक्करेची तक्रार घेऊन आलेल्या माणसाला ती देणे अयोग्य आहे.

इलेक्ट्रोडची पद्धत निवडणे

संकेत घेण्याच्या जागा तीन आहेत. पडद्यातून सुई पार करून ती मध्यकर्णाच्या आतल्या भिंतीवर टेकवली, तर संकेत सर्वांत मोठा, दहा मायक्रोव्होल्ट किंवा त्याहूनही अधिक मिळतो आणि थोड्याच आवर्तनांत, म्हणजे आवाज थोड्याच वेळा देऊन, स्पष्ट दिसतो. मात्र हे काम कान-नाक-घसा तज्ज्ञांनीच, बधिरीकरण करून करायचे असते. कानाच्या नळीत सोन्याचा मुलामा असलेले फोमचे टोक बसवणे सर्वांत सोपे, पण तेथे संकेत मायक्रोव्होल्टच्या काही दशांशांपुरता उरतो. या दोहोंच्या मधला मार्ग म्हणजे पडद्याच्या बाह्य पृष्ठभागावर मऊ इलेक्ट्रोड टेकवणे. नळीतल्या इलेक्ट्रोडच्या तुलनेत त्यात संकेत कित्येक पटींनी मोठा मिळतो, सुई टोचावी लागत नाही, आणि प्रशिक्षण घेतलेला ऑडिओलॉजिस्ट तो स्वतः बसवू शकतो. शिकणाऱ्याने याच पद्धतीवर हात बसवावा असे माझे स्पष्ट मत आहे, कारण नळीतल्या बारीक संकेतांवर शिकणाऱ्याला एसपी कोठे संपतो आणि एपी कोठे सुरू होतो हे ओळखण्याची सवयच लागत नाही. पुढील पायऱ्या याच पद्धतीच्या आहेत.

त्वचेची तयारी आणि जोडणी

रुग्णाला पाठीवर झोपवावे आणि ज्या कानाची तपासणी करायची तो वर येईल अशा बेताने मान वळवावी. मानेखाली छोटी उशी द्यावी. मान किंवा जबडा ताणलेला राहिला तर स्नायूंचा विद्युत् गोंगाट संपूर्ण नोंद बिघडवतो. अर्थिंगचा इलेक्ट्रोड कपाळावर आणि संदर्भ इलेक्ट्रोड विरुद्ध बाजूच्या कानाच्या पाळीवर किंवा कानामागच्या हाडावर लावावा. कपाळावरचे कुंकू, टिकलीचा चिकट डिंक आणि केसांच्या कडेला उतरलेले तेल पूर्णपणे पुसून मगच त्वचा घासावी. पाळीवर कुड्या किंवा बाळी असेल तर रुग्णाला ती काढायला सांगावी, आणि काढायची नसेल तर आग्रह न धरता कानामागची जागा वापरावी. या दोन्ही इलेक्ट्रोडचा इम्पिडन्स (विद्युत्प्रवाहाला होणारा विरोध) ५ किलोओहमच्या खाली असावा.

पडद्यावरचा इलेक्ट्रोड म्हणजे लवचीक नळीतून ओवलेली चांदीची बारीक तार आणि तिच्या टोकाला जेलमध्ये भिजवलेला मऊ फोम किंवा कापूस. टोक पूर्ण ओले आहे आणि आतल्या तारेला फोमचा स्पर्श आहे, याची बसवण्यापूर्वी खात्री करावी. पुढे काय होणार हे रुग्णाला आधी सांगितले पाहिजे : कानात ओलसर काहीतरी जाईल, कदाचित खोकला येईल, पडद्याला स्पर्श होताच आतून दबल्यासारखे वाटेल आणि मोठा आवाज येईल, पण टोचल्यासारखी कळ येणार नाही. खोकला येण्याचे कारण असे की कानाच्या नळीत व्हेगस मज्जातंतूची एक शाखा येते. ती चाळवली की काही जणांना ठसका लागतो, आणि हे आधी सांगितलेले नसेल तर रुग्ण घाबरून डोके हलवतो.

नंतर एका हाताने बाहेरचा कान वर आणि मागे ओढून नळी सरळ करावी आणि इलेक्ट्रोड सावकाश आत सरकवावा. किती आत जायचे हे डोळ्यांपेक्षा रुग्णच अधिक खात्रीने सांगतो, म्हणून "टेकल्यासारखे वाटले की हाताने खूण करा" असे सांगून ठेवावे. टेकल्यावर पुढे ढकलू नये. इलेक्ट्रोड तसाच धरून इन्सर्ट इअरफोनचा दाबलेला फोम नळीत बसवावा. तो फुगला की इलेक्ट्रोड जागीच धरला जातो. टोक लहान असल्यामुळे या इलेक्ट्रोडचा इम्पिडन्स त्वचेवरच्या इलेक्ट्रोडपेक्षा जास्त येतो. त्यामुळे घाबरून पुन्हा पुन्हा बसवत राहू नये. आवाज न देता दिसणारी मेंदू आणि स्नायूंची पार्श्वभूमी शांत आणि स्थिर असेल तर संपर्क पुरेसा आहे असे समजावे. पार्श्वभूमी उसळत असेल तर मात्र टोक पडद्यापासून सुटलेले असते आणि ते पुन्हा टेकवल्याशिवाय गत्यंतर नसते.

इलेक्ट्रोडच्या वायरी एकमेकींत विणून घ्याव्यात आणि इअरफोनच्या वायरीपासून दूर ठेवाव्यात. मोबाइल खोलीबाहेर ठेवावा आणि चार्जर काढावेत, ट्यूबलाइट विझवावी. ज्या इमारतीत अर्थिंग सदोष आहे, तेथे कोणत्याही कौशल्याने स्वच्छ नोंद मिळत नाही, म्हणून यंत्र बसवतानाच विद्युत्तंत्रज्ञाकडून अर्थिंग तपासून घ्यावे.

यंत्राची मांडणी

बेराचा साठवलेला प्रोटोकॉल उघडून त्यावरच ईकॉग सुरू करू नये. बेरामध्ये खालची फिल्टरमर्यादा बहुधा १०० हर्ट्झ ठेवलेली असते. एसपी हा संथ, एका दिशेने सरकणारा संकेत असल्यामुळे त्या फिल्टरने त्याचा आकार घटतो आणि बिघडतो, आणि वाढलेला एसपी सामान्य दिसू शकतो. ईकॉगसाठी खालची मर्यादा ५ किंवा १० हर्ट्झ आणि वरची ३००० हर्ट्झ ठेवावी. नॉच फिल्टर (विजेच्या वारंवारतेचा गोंगाट गाळणारा) बंद ठेवावा.

क्लिक १०० मायक्रोसेकंदांचा, ९० डेसिबल एनएचएलचा (सामान्य ऐकणाऱ्यांच्या उंबरठ्यापासून मोजलेल्या पातळीचा) आणि आलटून पालटून बदलणाऱ्या ध्रुवतेचा घ्यावा. ध्रुवता बदलत राहिल्यामुळे बेरजेत सीएम नाहीसा होतो आणि एसपी व एपी उरतात. क्लिकचा वेग सेकंदाला ७.१ किंवा ११.३ असा, विजेच्या वारंवारतेला निःशेष न भागणारा ठेवावा. भारतातील वीजपुरवठा ५० हर्ट्झचा आहे. वेग १० किंवा १२.५ ठेवला, तर प्रत्येक क्लिक विजेच्या लहरीच्या त्याच टप्प्यावर पडतो आणि सरासरी काढताना तो गोंगाट नाहीसा होण्याऐवजी ठळक होत जातो. अमेरिकी पाठ्यपुस्तकांतील सूचना ६० हर्ट्झ गृहीत धरून लिहिलेल्या असतात, हे लक्षात ठेवावे. नोंदीची खिडकी १० मिलिसेकंदांची असावी आणि त्यात आवाजापूर्वीचा थोडा भाग आधाररेषेसाठी यावा. प्रत्येक नोंद सुमारे १००० आवर्तनांची आणि किमान दोन वेळा घ्यावी. विरुद्ध कानाला मास्किंग (तो कान झाकणारा गोंगाट) द्यावे लागत नाही. ९० डेसिबलचा क्लिक बऱ्याच जणांना असह्य वाटतो, विशेषतः आवाजाचा त्रास होणाऱ्या रुग्णांना. त्यामुळे नोंद स्पष्ट आणि सारखी आली की थांबावे.

एसपीचा अधिक खात्रीने अंदाज घ्यायचा असेल तर १००० किंवा २००० हर्ट्झचा टोन बर्स्ट (एकाच वारंवारतेचा छोटा आवाज) द्यावा, ज्याचा सपाट भाग १० मिलिसेकंदांचा असेल. आवाज चालू असेपर्यंत एसपी टिकतो, तर एपी फक्त आरंभी येतो, त्यामुळे बर्स्टच्या मध्यभागी आधाररेषा किती सरकली आहे हे एकट्या एसपीचे माप ठरते. यासाठी खिडकी २० मिलिसेकंदांपर्यंत वाढवावी लागते.

लहर खरी आहे का, याची पारख

पहिल्या मिलिसेकंदात दिसणाऱ्या प्रत्येक वळणाकडे संशयाने पाहावे. इअरफोनला दिलेल्या विद्युत्प्रवाहाचा थेट ठसा शून्य क्षणी उमटतो. इन्सर्ट इअरफोनच्या नळीतून आवाज पोहोचायला सुमारे ०.९ मिलिसेकंद लागत असल्यामुळे कॉक्लियाचा प्रतिसाद त्या ठशापासून वेगळा पडतो, आणि कानावर ठेवण्याच्या हेडफोनऐवजी इन्सर्ट इअरफोन वापरण्याचा हा मोठा फायदा आहे. यंत्र ही दिरंगाई आपोआप वजा करते की नाही, हे मात्र माहीत असले पाहिजे. नाहीतर दीड मिलिसेकंदाचा एपी अडीच मिलिसेकंदांवर दिसेल आणि मज्जातंतूत दोष असल्याचा गैरसमज होईल.

पारखण्याचा सर्वांत भरवशाचा उपाय म्हणजे इअरफोनची रबरी नळी चिमटून बंद करून तीच नोंद पुन्हा घेणे. आवाज कानापर्यंत न पोहोचताही लहर तशीच राहिली, तर ती यंत्राची आहे. नाहीशी झाली, तर ती कानाची. एका तपासणीमागे यात दोन मिनिटे जातात आणि ती वाचवू नयेत.

खुणा करणे आणि गुणोत्तर काढणे

एपी यंत्राच्या पडद्यावर वर दिसेल की खाली, हे कानाच्या पडद्यावरचा इलेक्ट्रोड वर्धकाच्या धन टोकाला जोडला आहे की ऋण टोकाला, यावर अवलंबून असते. आपल्या विभागात एकच पद्धत ठरवून तिला चिकटून राहावे. आवाजापूर्वीची सपाट पातळी ही आधाररेषा. एपीच्या चढावर मध्येच दिसणारा खांदा हा एसपी. त्यानंतरचे शिखर हा एपी. दोन्हींची उंची आधाररेषेपासून मोजावी. एसपी ०.३ आणि एपी १.२ मायक्रोव्होल्ट असेल तर गुणोत्तर ०.२५ येते, एसपी ०.६ झाला आणि एपी तोच राहिला तर ०.५. खांदा स्पष्ट दिसत नसेल तर अंदाजाने खूण करू नये. दोन नोंदी एकमेकींवर ठेवाव्यात, आणि खांदा दोन्हींत एकाच जागी आला तरच माप घ्यावे. काही केंद्रांत उंचीऐवजी लहरींखालच्या क्षेत्रफळांचे गुणोत्तर काढतात, कारण मेनिएरमध्ये लहर उंचीबरोबर रुंदही होते.

गुणोत्तराची सामान्य मर्यादा इलेक्ट्रोडच्या जागेनुसार बदलते. पडद्यावरून घेतलेल्या नोंदीत ०.४ च्या आसपास, तर नळीतून घेतलेल्या नोंदीत ०.५ पर्यंतचे गुणोत्तर सामान्य धरण्याची पद्धत आहे, म्हणजे ०.४५ हा एकच आकडा एका पद्धतीत संशयास्पद आणि दुसऱ्या पद्धतीत निर्दोष ठरतो. म्हणून आपल्या यंत्रावर, आपल्या खोलीत, निर्दोष कान असलेल्या व्यक्तींच्या नोंदी घेऊन स्वतःच्या विभागाची मर्यादा ठरवावी, आणि रुग्णाच्या दुसऱ्या कानाशीही तुलना करावी.

गुणोत्तर वाढलेले दिसले की छेद पाहायला विसरू नये. एसपी खरोखर मोठा झाला आहे, की एपी लहान झाल्यामुळे आकडा फुगला आहे? उच्च वारंवारतेचे ऐकणे कमी झालेल्या माणसात दुसरी शक्यता नेहमीच असते. अंतःकर्णातील वरच्या अर्धवर्तुळाकार नलिकेवरच्या हाडात छिद्र पडलेले असले तरीही गुणोत्तर वाढते, आणि त्या आजारातही चक्कर येतेच. उलट सामान्य गुणोत्तरामुळे मेनिएरचा आजार नाकारता येत नाही. २०१५ साली बारानी सोसायटीसह अनेक संस्थांनी मिळून ठरवलेल्या निकषांत २० मिनिटे ते १२ तास टिकणारे चक्करेचे किमान दोन झटके, ऑडिओग्रामवर दिसलेली कमी ते मध्यम वारंवारतेची श्रवणहानी आणि कमी-जास्त होणारी कानाची लक्षणे यांना स्थान आहे. ईकॉगची अट त्यात नाही.

बाळांच्या तपासणीत सीएम

नवजात अतिदक्षता विभागातून आलेल्या, विशेषतः तीव्र कावीळ झालेल्या बाळांच्या बाबतीत ईकॉगचे हेच ज्ञान फार मोलाचे ठरते, आणि त्यासाठी पडद्यावर इलेक्ट्रोड टेकवण्याचीही गरज नसते. ऑडिटरी न्यूरोपथीमध्ये केशपेशी काम करत असतात, पण मज्जातंतूंचे एकत्रित उद्दीपन बिघडलेले असते. अशा बाळाची बेरा केवळ बदलत्या ध्रुवतेच्या क्लिकने केली तर सीएम बेरजेत नाहीसा होतो, यंत्राच्या पडद्यावर सपाट रेषा दिसते आणि बाळ पूर्ण बहिरे असल्याचा अहवाल जातो. म्हणून बेरा सपाट आली तर मोठ्या आवाजाचे रेअरफॅक्शन (विरलतेने सुरू होणारे) आणि कंडेन्सेशन (दाबाने सुरू होणारे) क्लिक वेगवेगळे द्यावेत आणि दोन्ही नोंदी एकमेकींवर ठेवाव्यात. लहरी आरशातल्या प्रतिमेप्रमाणे उलट दिसल्या आणि आवाज कमी करूनही त्यांच्या वेळा सरकल्या नाहीत, तर तो सीएम आहे. नळी चिमटून घेतलेली नोंद येथे अनिवार्य मानावी. ओएई (कॉक्लियातून उलट बाहेर येणारे सूक्ष्म आवाज) तपासणीतून केशपेशींची माहिती मिळते, पण ऑडिटरी न्यूरोपथी असलेल्या काही मुलांत ओएई कालांतराने नाहीसे होतात आणि सीएम टिकून राहतो, त्यामुळे एकट्या ओएईवर विसंबून राहता येत नाही. पूर्ण बहिरेपणा आणि ऑडिटरी न्यूरोपथी या दोन निदानांत पालकांना द्यायचा सल्ला आणि श्रवणयंत्राचा निर्णय पुष्कळ वेगळा असतो.

तपासणीनंतर

आधी फोम, मग इलेक्ट्रोड, या क्रमाने सावकाश बाहेर काढावे आणि ओटोस्कोपने पडदा पुन्हा पाहावा. किंचित लाली दिसणे नेहमीचे आहे. रक्त दिसले किंवा दुखणे राहिले तर लगेच कान-नाक-घसा तज्ज्ञांना दाखवावे. वापरलेले टोक टाकून द्यावे. चक्करेच्या रुग्णाला एकदम उठवू नये. थोडा वेळ बसवून मगच उभे करावे आणि सोबत कोणी आहे ना, हे पाहावे.

अहवालात केवळ गुणोत्तर लिहू नये. इलेक्ट्रोडची जागा, आवाजाचा प्रकार आणि पातळी, ध्रुवता, वेग, फिल्टर, आवर्तनांची संख्या, एसपी आणि एपी यांची स्वतंत्र मापे, एपीची वेळ, दोन नोंदी जुळल्या की नाही, आपल्या विभागाची सामान्य मर्यादा आणि त्या दिवशी लक्षणे चालू होती का, इतके तपशील असावेत. नोंद जुळली नसेल तर "निष्कर्ष काढण्याजोगी नोंद मिळाली नाही, लक्षणे असताना पुन्हा तपासणी करावी" असे सरळ लिहावे आणि मूळ लहरी अहवालाला जोडाव्यात, म्हणजे पुढच्या वेळी तपासणाऱ्याला त्याच कानाची नोंद शेजारी ठेवून पाहता येईल.